चंद्रशिळेला हळद

चंद्रशिळा तपासणीत नकली ठरली. म्हणून संग्रहालयाचे भांडारपाल दामोदर घोलप ती ब्रशने घासत होते. तपासयंत्र प्रत्येक शिळा चंद्रावरच्या मूळ खडकाशी ताडून पाहायचं. फेरतपासणीतही ती जुळली नाही, तर घोलप चोर ठरणार होते. दहा मिनिटं उरली होती.

"खंडेनवमीला यंत्रं पुजतात, घोलप! दगडाला हळदकुंकू कशाला?" संचालिका कर्णिक ओरडल्या.

"मॅडम, आपलं पोट तिच्यावरच चालतं ना."

कुंकू निघालं, हळद मात्र भेगांत मुरली होती. घोलपांनी ब्रश ठेवला आणि चंद्रतळाला अर्ज लिहिला : 'तरी फेरतपासणीपूर्वी मूळ खडकासही चिमूटभर हळद लावण्यात यावी, ही नम्र विनंती.'