एकाच माणसाची गादी

भालचंद्राने जीपमागे जोडायची सामानाची जुनी ट्रॉली जंगलात मुक्कामासाठी सजवली, ती बायकोच्या, कुमुदच्या हट्टापायी. मेल्यानंतर तिचं मन जीपमधल्या डबीत ठेवलेलं होतं. मोबाइल टॉवरची रेंज तासभर तुटली, तर डबी कायमची विझणार होती. जाड चाकं, मागे ओटा, वर ताडपत्री, सगळं तिने सांगितलं तसं झालं. गादीवरून मात्र दोघांचं वाजलं.

"एकाच माणसाची करा," ती म्हणाली होती.

वाटेत सगळीकडे रेंज आहे, असंही तीच म्हणाली होती. डांबरी रस्ता सोडून ओढा ओलांडताच डबी गप्प झाली. त्याला गादी आठवली आणि तो चरकला. ट्रॉली दगडांवर आपटत त्याने जीप माघारी पिटाळली.

डांबरावर येताच डबी खरखरली.

"आणलंतच ना परत?" कुमुद म्हणाली. "धड मरूसुद्धा देत नाही तुम्ही माणसाला."