दुसरी पायरी

या एका फेरीत तिच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. परीक्षकाची सही झाली की कॉकपिटमधली उजवीकडची, सहवैमानिकाची खुर्ची कायमची तिची. आणि मागे शेवटच्या रांगेत बसलेली आई दुपारच्या आत हॉस्पिटलमध्ये, मामाच्या उशाशी. डॉक्टरांनी आज नाहीतर उद्या असं सांगून ठेवलं होतं. आईचं तिकीट सवलतीचं होतं, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना मिळतं तसलं: जागा उरली तर बसा, नको झालात तर उतरा.

दारं लावायच्या बेतात असताना मनोऱ्यावरून ताजं तापमान आलं. सकाळी कागदावर धरलं होतं त्याहून बरंच जास्त. तापलेली हवा विरळ होते. पंखांना तिचा आधार मिळत नाही, इंजिनाला दम लागतो. तिनं नव्या आकड्यानं वजनाचा हिशेब दोनदा मांडला. दोन्हीदा तोच आला.

डावीकडे परीक्षक बसला होता. शिकाऊ मंडळी त्याला पाठीमागे ‘तराजू’ म्हणत. वर्गात त्यानं फळ्यावर चार पायऱ्या काढून त्यांचं डोकं उठवलं होतं. पहिली पायरी, चाकं पोटात घ्या. दुसरी, चढा. तिसरी, चढणं थांबवा, सरळ जाऊन वेग घ्या, पंखांच्या झडपा मिटा. चौथी, सावकाश वर. आणि हे सगळं एक इंजिन बंद पडलंय असं धरून. “हिशेब मेलेल्या इंजिनाचा मांडायचा,” तो खडू आपटत म्हणे. “दुसरं चालू राहिलं तर तो नफा. नफा धरून दुकान चालवणारा बुडतो.” सगळ्यात खट दुसरी पायरी. तिथं वेग नसतो, उंची नसते, आणि या धावपट्टीच्या टोकाला तर टेकडी उभी होती.

“काय म्हणते दुसरी पायरी?” तराजूनं विचारलं.

“वजन जास्त होतंय, सर.”

“किती?”

“एक माणूस आणि त्याची बॅग.”

“इंधन कमी कर.”

“तिकडे ढग आहेत. लागेल ते.”

“मग?”

तो खिडकीबाहेर बघायला लागला. तो बघत नाही असं वाटतं तेव्हाच तो बघत असतो, हे सगळ्या शिकाऊंना पाठ होतं. सकाळचाच आकडा राहू दिला असता तर विमान उडालं असतंच. दोन्ही इंजिनं चालू असताना ती टेकडी म्हणजे किस झाड की पत्ती. प्रश्न फक्त एक बंद पडलं तर, एवढाच होता.

संध्याकाळच्या विमानात जागा होती. तिनं तेही मनात मांडून पाहिलं. मग खाली उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सांगितलं, “सवलतीच्या तिकिटावरचा प्रवासी उतरवा.” तसा प्रवासी एकच होता. हे नियमासाठी केलं की सहीसाठी, तो हिशेब मात्र तिनं मांडला नाही. आत काही हललं नाही. दात काढायच्या आधी गाल बधिर करतात ना, तसं सगळं अंग झालं होतं.

उतरता उतरता आई कॉकपिटच्या दारात थांबली.

“काय गं, एवढ्या माणसांत मीच जड झाले होय? सकाळपासून नुसत्या चहावर आहे मी.”

“आई, संध्याकाळचं विमान—”

“अगं हो, सांगितलं त्यांनी. ये तू नीट. दादाला म्हणावं, थांब जरा, येतेय.”

ती गेली. तराजूनं एकदा मान वळवून पाहिलं. पुढचा कागद तिच्यासमोर सरकवला.

विमान उडालं. चाकं पोटात गेली. पहिली पायरी कधी संपली नि दुसरी कधी सुरू झाली, कळलंसुद्धा नाही. टेकडी खूप खाली राहिली, एखाद्या खुर्चीवर टाकलेल्या घडी मोडलेल्या चादरीसारखी. दोन्ही इंजिनं एका सुरात चालली होती. तिचे डोळे सुयांवर होते. हात जिथं असायला हवेत तिथं होते. ढगांतून उतरताना तिच्या आवाजात इतका सपाटपणा होता, की तराजूला तो आत्मविश्वास वाटला असावा.

उतरल्यावर त्यानं सही केली. झोकदार, लांबलचक.

“आज नफा झाला,” तो म्हणाला. मग जरा थांबून टोपी काढली. “आई होती हे बोलली नाहीस.”

“वजनाच्या कागदावर नातं लिहायची जागा नसते, सर.”

फोन चालू केला तर मामेभावाचा निरोप आधीच येऊन पडला होता. मामा गेला. विमान उतरायच्या जरा आधीच गेला असणार. म्हणजे आई विमानात असती तरी पोचली नसती का? तिनं वेळ ताडून पाहिली. विमान ठरल्या वेळी उतरलं असतं तर पोचली असती. थोडक्यात, पण हातात हात घेण्याइतकी पोचली असती. पण विमानालाच ढगांभोवती तासाभराचा वळसा पडला होता.

तिनं हिशेब सोडून दिला. आता कुठलाही जुळेना.

फोन वाजला. आई.

“दादा गेला गं. कळलं मला आत्ताच.” मागून विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. “तू नीट उतरलीस ना? बाकीची माणसं?”

“सगळी उतरली.”

“आणि तुझं ते परीक्षेचं?”

“झालं.”

आईनं नाक ओढलं. मग तिला लहानपणी शाळेतून आल्यावर जवळ घेताना जो आवाज काढायची, त्याच आवाजात म्हणाली, “मग माझं उतरणं कामी आलं म्हणायचं. नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.”

खिडकीबाहेर विमान उभं होतं. दोन्ही इंजिनं वाटेत एकदाही कुरकुरली नव्हती.

“हो आई,” ती म्हणाली, “तू उतरलीस म्हणून पोचलो.”