अजून दोन किलो

सासूबाईंचं ऑपरेशन रक्तापायी अडलं होतं. त्यांच्या गटाचं रक्त रक्तपेढीत संपलेलं, आणि सगळ्या गोतावळ्यात तो गट एकट्या सुनेचा. ती बाही वर सारतच आत गेली.

नवऱ्याने घरातून साखर, बटाटे, पाव हद्दपार केले, त्याला वर्ष होत आलं होतं. तो आंघोळीला गेला की याच सासूबाई तिच्या हातात लोणी लावलेला पाव कोंबायच्या. "गीळ पटकन, नळ बंद होईल आता."

नर्सने तिला वजनकाट्यावर उभं केलं.

"त्रेचाळीस. पंचेचाळीसच्या खाली आम्ही रक्त घेत नाही."

"दोन किलोंनी काय होतंय? घ्या हो, मला काही होत नाही."

"मग तुम्हालाच चढवायची वेळ येईल, बाई. खात नाही का काही?"

तिला फ्रिजवरचा तिच्या वजनाचा तक्ता आठवला. मागच्याच महिन्यात त्यावर पंचेचाळीसचा आकडा लिहून नवरा म्हणाला होता, "शाब्बास! अजून दोन किलो, की लग्नाच्या फोटोतल्यासारखी दिसशील."

ती बाहेर आली. नवरा, नणंद, आत्याबाई, सगळे तिच्या दंडाकडे बघत होते.

"घेतलं नाही," ती म्हणाली. "वजन कमी भरलं."

मग नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला आणि आत्याबाईंकडे वळून म्हणाला,

"सांगून सांगून घसा कोरडा पडला माझा, नीट खात जा म्हणून!"