चौदा पायऱ्या

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण तो प्रश्न मी विचारला होता. लॉनीने विचारायला लावला हे खरं, पण हात माझाच वर होता.

अमेरिकेतल्या टोलेडोतलं हायवेलगतचं हॉटेल, शनिवारची दुपार. जुन्या विनोदी मालिकांच्या चाहत्यांचा मेळावा. दोनशे खुर्च्या, सगळी पिकलेली डोकी. पडद्यावर ‘बर्डिक अँड सन’मधला तो जिना लागला होता. दुकानदार बर्डिक अंड्यांची टोपली घेऊन तळघरात उतरतो, पाय सटकतो, चौदा पायऱ्या गडगडत खाली. मग त्याचा चेहरा जवळून दिसतो आणि हातात एकच न फुटलेलं अंडं. १९७४ सालचा भाग. लोकांना इतका पाठ की तो पडायच्या आधीच हसायला लागतात.

माझ्या शेजारी बसलेला माझा जुना मित्र लॉनी टिबेट्स हसला नाही. पडद्यावरचा चेहरा नट हॅल ब्रॅनिगनचा, पण पडलेलं अंग लॉनीचं. हॅलसारखाच कोट, हॅलसारखाच केसांचा टोप. खाली गादी असायची. त्या दिवशी कुणीतरी ती कॅमेऱ्यासाठी बाजूला सरकवली. लॉनीचा डावा खुबा मोडला. तो ओरडला, तेव्हा स्टुडिओतले प्रेक्षक आणखी जोरात हसले. मग तेच चित्रण ठेवलं. पडणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा धंद्याचा नियम. लॉनीने पाळला. फक्त घरी सांगितलं.

त्याच्या पलीकडे त्याची मुलगी जॉइस होती. तिसरीत असताना तिने वर्गात सांगितलं होतं, जिन्यावरून पडतात ते माझे डॅड आहेत. बाईंनी तिला पुढे उभं करून सगळ्या वर्गाची माफी मागायला लावली. आता ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. बापाच्या ह्या गोष्टीवर तिचा तेव्हापासून विश्वास नाही.

“डॅड, हे संपलं की सरळ जेवायला जायचं,” ती म्हणाली. “कुणाशी वाद नको.”

“वाद कोण घालतंय? तू फक्त ऐक.” मग तो माझ्या कानाशी लागला. “तू विचार. मी विचारलं तर श्रेय मागितल्यासारखं दिसेल.”

हॅल काठी टेकत मंचावर आला. शहाऐंशी वर्षांचा, डावा पाय ओढत. मी हात वर केला. “मिस्टर ब्रॅनिगन, त्या जिन्यावरून खरं कोण पडलं होतं?”

पन्नास वर्षं ह्या प्रश्नावर तो नुसता डोळा मारायचा. त्या दिवशी नाही मारला.

“मी,” तो म्हणाला. “गादी सरकली होती. नवव्या पायरीवरच कळलं, आज काही खरं नाही. खुबा मोडला. हॉस्पिटलात एक नर्स होती, तोंडभर ठिपके असलेली. डब्यातले पीच चमच्याने भरवायची. म्हणायची, हसू नका, टाके तुटतील.”

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात.

“पीच मला भरवले होते,” लॉनी हळूच म्हणाला. “हा भेटायला आला होता, तेव्हा मीच सांगितलं ह्याला.”

“खोटारडा आहे थेरडा,” मी म्हणालो.

लॉनीने मान हलवली. “नाही रे. खोटं बोलताना ह्याची भुवई उडते. शंभर भाग केलेत मी ह्याच्याबरोबर. आज नाही उडाली.”

लहान मुलाला थोपटावं तसं जॉइसने बापाच्या गुडघ्यावर थोपटलं आणि गाडी काढायला गेली.

सह्यांच्या टेबलाशी रांग संपेपर्यंत आम्ही थांबलो. लॉनीला बघून हॅल एकदम उजळला.

“लॉनी. अरे, जिवंत आहेस होय? बस इथे, बस.” त्याने त्याचं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला. “बरं झालं आलास. डॉक्टर म्हणतो तुमचं हाड कधी मोडलंच नाही. एक्स-रेमध्ये काही नाही म्हणे. पोरगा म्हणतो, विसरताय तुम्ही, गल्लत होतेय. मग दुखतं कुठून, सांग मला. रोज दुखतं.”

लॉनी शेजारच्या खुर्चीवर टेकला.

“बायकोचं नाव जातं रे माझ्या डोक्यातून. कालच गेलं. पण हे नाही जात. एकेक पायरी आठवते.” हॅल पुढे वाकला. “तू होतास ना तिथे? मी पडलो होतो ना, लॉनी?”

मी लॉनीच्या पाठीला बोट टोचलं. बोल आता, म्हटलं. तेवढ्यात जॉइस आत आली. हातात गाडीची किल्ली. तिने प्रश्न ऐकला होता. ती तिथेच थांबली, बापाच्या मागे दोन पावलांवर. तो काय म्हणतो ते ऐकायला. त्यालाही कळलं होतं ती आहे ते. सेंट तिचाच होता, मलासुद्धा कळलं.

“पडलास,” लॉनी म्हणाला. “मी तिथेच उभा होतो. असं पडलेलं मी दुसरं कुणाला पाहिलं नाही.”

हॅलने श्वास सोडला. मागे किल्ली वाजली. मग तिची पावलं दाराकडे गेली.

“पुढच्या वर्षी ये,” हॅल म्हणाला. मनगट अजून सोडलं नव्हतं. “वर माझ्या शेजारी बस. मी चुकलो तर तू सांग लोकांना. बघणारा तूच एक उरलायस.”

“येईन,” लॉनी म्हणाला. “शब्द देतो. तू विसरलास तर मी पहिल्या पायरीपासून सांगेन.”