खरखर

"उरलंय त्यातूनच निवडायचं," मार्तंडराव म्हणाले आणि लाकडी खोकं त्यांनी पायानेच सुमेधाकडे सरकवलं.

खोक्यात ट्रान्झिस्टर, कॉइली, स्पीकर, तारांचे तुकडे असं सगळं एकात एक गुंतून पडलं होतं. सकाळी आठला तेच खोकं काठोकाठ भरलेलं होतं. वर्गातल्या पाच मुलांनी त्यातलं चांगलं चांगलं उचललं, आपापला रेडिओ लाकडी पाटीवर जोडला, पुणे केंद्र लावून दाखवलं आणि पाचही जण पास झाले. त्यांच्या पाच पाट्या भिंतीकडच्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. ना पेटी, ना नाव. नुसते उघडे भाग आणि तारा. सुमेधाची पाळी मार्तंडरावांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. माळीवाड्यातल्या त्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या वर्गात बाई येऊन बसली, हे त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

दारातल्या बाकावर तिचा नवरा शामकांत बसला होता. पायाशी तिची ट्रंक. ती त्याने सकाळीच तिच्या माहेरून उचलून आणली होती. तीन वर्षं पुणतांब्याला नांदून सुमेधा नगरला परत आली, ती डाव्या कानाने बहिरी होऊन आली. कशाने झालं, ते माहेरी कुणी विचारलं नाही. वडिलांनी वर्गाची फी तेवढी भरली आणि अट घातली. पास झालीस तर नगरात दुरुस्तीचं दुकान टाक आणि राहा. नापास झालीस तर मुकाट्याने नांदायला जा.

सुमेधाने पदर खोचला आणि खोक्यापुढे मांडी घातली. एकेक ट्रान्झिस्टर उचलून ती मीटरला लावू लागली. एका बाजूने सुई उठली पाहिजे, दुसऱ्या बाजूने नाही. दोन्हीकडून उठली तर तो मेलेला. पहिले चार मेलेलेच निघाले. तिने ते बाजूला ठेवले आणि पाचवा घेतला.

"वैनी, वांगी निवडताय का?" मच्छिंद्र म्हणाला. तो देवळाली प्रवऱ्याचा, वर्गातला सगळ्यात वाचाळ. "दाबून बघा. लई किडकं निघतंय."

मुलं हसली.

"तू चकचकीत बघून उचललेस," सुमेधा मान वर न करता म्हणाली. "म्हणून तर मला काही उरलं."

या वेळी मुलं मच्छिंद्रला हसली. त्याचं तोंड उतरलं.

तिने सहा ट्रान्झिस्टर जमवले. कॉइलीची तुटलेली तार नखाने सोलून पुन्हा जोडली. स्पीकर एकच उरला होता, कागद फाटलेला. त्यावर तिने पातळ कागदाची पट्टी चिकटवली. तारांना डाग देताना तापलेल्या राळेचा धूर डोळ्यांत जात होता, पण हात थांबला नाही. शामकांत दोनदा उठून घड्याळाशी गेला आणि परत येऊन बसला.

पावणेतीनला तिने सेल घातले आणि बटण फिरवलं. उजवा कान स्पीकरला लावला. खरखर. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. नुसती खरखर.

"नापास," मार्तंडराव म्हणाले. पेन आधीपासूनच त्यांच्या हातात उघडं होतं.

शामकांतने ट्रंक उचलली. "चल. गाडी चुकेल."

"थांबा," सुमेधा म्हणाली. तिने मार्तंडरावांकडे पाहिलं. "सर, पुणे केंद्र दुपारचं अडीचलाच बंद होतं. आता एकदम संध्याकाळी लागेल. मेलेला रेडिओ खरखरत नाही. हा जिवंत आहे, आत्ता याच्याशी बोलायला कुणी नाही इतकंच."

"मला शिकवू नका. रेडिओ बोलला तर पास, नाही बोलला तर नापास. बाकीच्यांचे बोलले."

"संध्याकाळपर्यंत थांबते."

"वर्ग तीनला बंद होतो."

ते हसले नाहीत, पण त्यांना हसू येत होतं, हे तिला दिसलं. यांना अडीचचं माहीत होतं. तिची पाळी इतकी मागे का गेली, तेही तिला आता कळलं.

"चल म्हटलं ना," शामकांत म्हणाला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

मच्छिंद्र टेबलाला टेकून मजा बघत होता. "जावा वैनी. भाकरी थापा. ह्यो नाद बायकांचा न्हाई."

सुमेधाने मनगट सोडवलं. "तुझा बोलतो ना, मच्छिंद्र?"

"बोलतोय म्हंजे? पास हाय माझा. सकाळी साऱ्यांनी ऐकलाय."

"मग लाव."

तो ऐटीत वळला आणि त्याने आपल्या पाटीचं बटण फिरवलं. खरखर. काटा पुढे नेला, मागे आणला. सेल काढून पुसले आणि परत घातले. खरखर. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने शेजारच्याचा लावला. तोही खरखरला. मग तिसरा, चौथा, पाचवा. वर्गातलं हसू विरत गेलं. सुमेधाने आपली पाटी उचलली आणि ओळीत मधेच जागा करून ठेवून दिली. तिचीही खरखर त्यात मिसळली. सहा पाट्यांचा एकच आवाज झाला, पत्र्यावर वाळू ओतावी तसा.

शामकांतने ट्रंक खाली ठेवली. मच्छिंद्र त्या ओळीकडे बघत उभा राहिला. मग त्याने मान वळवून मार्तंडरावांकडे पाहिलं. सकाळी त्याच माणसाने त्याची पाठ थोपटली होती.

"बंद कर ते," मार्तंडराव ओरडले.

"करतो की, सर," मच्छिंद्र म्हणाला. "ह्यातला नापास कंचा, तेवढं सांगा. तेवढाच बंद करतो."