तिसरा प्लग

२०१९ सालचा मार्गशीर्ष होता. मोहोपाड्याच्या निवृत्त शिक्षिका कुमुदताई यजमानांबरोबर गाडीने कर्जतला निघाल्या होत्या. एका फाट्यावर वाडीवरच्या म्हातारीने हात केला. खोकून खोकून ती पार वाकली होती.

"बाय, दवाखान्यापत्तूर सोड गं."

कुमुदताईंना नव्या सीटकव्हरांची काळजी. त्यांनी काच वर केली.

चार दिवसांनी इंजिन आचके देऊ लागलं. खालापूरच्या नवनाथ मेकॅनिकने एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तिसरी काढली, तरी आवाजात फरक पडेना.

"हा शिलिंडर मेलेला हाय," तो म्हणाला. मग त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिथे टेकवलं आणि मूठ कानाला लावली. "काका, बंद करा."

यजमानांनी चावी काढली. इंजिन थांबलं, पण नवनाथ ऐकतच राहिला.

"म्याडम, तुमीच ऐका."

कुमुदताईंनी कान लावला. बंद इंजिनात कोणीतरी खोकत होतं. खोकला थांबला आणि अगदी जवळून आवाज आला, "बाय, सोड गं."

त्यांची मान खाली गेली. यजमान बघत होते.

"मला नाही काही ऐकू येत," त्या म्हणाल्या.

प्लग बदलल्यावर गाडी सुरळीत चालली. काच वर केली त्याच दिवशी म्हातारीने फाट्यावरच प्राण सोडला होता, हे मागाहून कळलं. पुढे यजमान वारले, गाडी विकली. नवनाथ अजून गॅरेज चालवतो, पण स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावत नाही.

परवा कुमुदताईंची छाती तपासताना डॉक्टर बराच वेळ थांबले. मग त्यांनी कानातली नळी काढून पुढे धरली.

"आजी, तुम्हीच ऐका."