चौथी थाप

"कुणाचा विश्वास बसणार नाही साहेब, पण आमच्या पत्र्याखाली पातेल्यातलं पाणी चुलीशिवाय उकळतं!" सखाहरी पाचर्णे म्हणाले, आणि भिंतीवरचा दिवा लाल झाला. दाराची कडी घट्ट बसली.

श्रीमंतांनी गरिबीचं सोंग आणून उन्हाच्या लाटेत गरिबांसाठी उघडलेल्या सरकारी थंड खोल्या लाटू नयेत, म्हणून ही तपासणीची खोली बांधली होती. आत थाप मारली की दार बंद, खरं बोललं की उघडं.

"काका, ही तिसरी थाप! तुमच्यापायी मीही अडकलोय," अधिकारी घाम पुसत ओरडले.

सखाहरींचा जन्म गप्पा फुगवण्यात गेलेला. साधं बोलायला जीभ वळेना. शेवटी ते पुटपुटले, "बायको सकाळपासून शुद्धीवर नाही. तिला गारवा हवाय."

दिवा हिरवा झाला. कडी सैल झाली. सखाहरी दाराकडे धावले.

"निर्धास्त जा काका," अधिकारी म्हणाले. "टॉवरमध्ये राहणारा असो की पत्र्याखालचा, आमच्या यादीत सगळे सारखेच."

खट्कन कडी बसली. दिवा लालभडक.

सखाहरींनी दोन्ही हातांनी दार ओढून पाहिलं. मग ते सावकाश वळले.

"साहेब, ही चौथी माझी नाही. तुमची आहे!"